कर्ता नसलेली वाक्ये

मागच्या वर्षी एका खासगी रुग्णालय-समूहाची कर्मचाऱ्यांसाठीची आचारसंहिता इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. मी हैदराबादेत राहते. नांदेड, लातूर, धाराशिव या बाजूचे रुग्ण उपचारांसाठी इथे येतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासूनची ही वाट आहे. वॉर्डात काम करणाऱ्या मावश्या आणि वॉर्डबॉय यांच्यातही त्या बाजूची माणसे आहेत. त्यांना वाचता यावी म्हणून ही आचारसंहिता मराठीत हवी होती. पन्नासेक पाने, तीन आठवड्यांची मुदत, शब्दामागे ठरलेला दर. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादावर घर चालत नाही, म्हणून अशी कामे मी करते आणि एरवी त्यांच्याविषयी लिहीत नाही. या कामाविषयी लिहिते आहे, कारण ते करताना मला स्वतःचीच एक जुनी गोष्ट पुन्हा वाचावी लागली.

अडचण पहिल्याच शब्दापाशी आली. 'कंप्लायन्स'ला सरकारी मराठीत 'अनुपालन' म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण वॉर्डातल्या मावशींना तो काय सांगणार? साधा शब्द शोधायला गेले तर हाती आले 'पाळणे'. आपण मराठीत बरेच काही पाळतो. नियम पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो, सुतकही पाळतो. यांतल्या शेवटच्या दोहोंमध्ये मोठे अंतर आहे. शब्द पाळायचा तर तो कुणाला तरी दिलेला असावा लागतो; समोर एक माणूस असतो. सुतक पाळणारा मात्र दुःखी असेलच असे नाही. दहा दिवस नेमाने सगळे करून अकराव्या दिवशी वाटणीचे कागद काढणारे भाऊ आपण पाहिलेले असतात. त्यांनी नियम मोडला असे कुणी म्हणू शकत नाही.

कांटने १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात हाच फरक एका दुकानदाराच्या उदाहरणाने मांडला आहे. दुकानदार अजाण गिऱ्हाईकाकडूनही जास्त पैसे घेत नाही. पण तसे करण्यात त्याच्या धंद्याचेही हित आहे. मग त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, की कर्तव्यापोटी आहे? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. रुग्णालयातल्या फायलीचेही तसेच आहे. फाईल पूर्ण आहे एवढे तपासनिसाला दिसते. ती पूर्ण होत असताना पलंगावरच्या माणसाचे काय झाले, हे फायलीत नसते.

शब्द कसेबसे बसले. खरी अडचण वाक्यांची होती. पहिला खर्डा तयार झाला तेव्हा मी तो मोठ्याने वाचून पाहिला. रुग्णाची लेखी संमती घेण्यात यावी. रुग्णास त्यास समजेल अशा भाषेत माहिती देण्यात यावी. गोपनीयता राखण्यात यावी. अनियमितता आढळल्यास ती तात्काळ निदर्शनास आणून देण्यात यावी. पानेच्या पाने अशी. इंग्रजी मूळही असेच होते, आणि शासकीय परिपत्रकांमुळे आपल्या हातालाही या 'ण्यात यावी'ची सवय आहे. पण मोठ्याने वाचताना प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न उभा राहू लागला: कोणी? कोणी घ्यावी, कोणी द्यावी, कोणी राखावी? शाळेत आपण वाक्यातला कर्ता शोधायला शिकतो. या पन्नास पानांत कर्ता सापडेना.

मग शिस्तभंगाचे प्रकरण आले आणि तिथे तो अचानक सापडला. 'कर्मचाऱ्याने वरील तरतुदींचे उल्लंघन केल्यास त्याच्यावर योग्य ती कारवाई करण्यात येईल.' या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात चुकणारा स्पष्ट दिसतो; दुसऱ्या अर्ध्यात कारवाई करणारा पुन्हा नाहीसा होतो. म्हणजे काम करताना कुणीच नसतो, चूक झाली की कर्मचारी असतो, आणि शिक्षा देताना पुन्हा कुणी नसतो. हे लबाडीने लिहिलेले असते असे मला वाटत नाही. संस्थांची भाषा अशीच घडत जाते. पण ती भाषा रोज वाचणारा माणूस स्वतःकडे कसा पाहू लागेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आणि त्या प्रश्नाच्या मागोमाग ती बाई आठवली.

याला दहा-अकरा वर्षे झाली असतील. रुग्णालय दुसरेच होते. तिथल्या कचेरीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीचा संध्याकाळी फोन आला: लातूरकडच्या एका खेड्यातली बाई दाखल आहे, उद्या सकाळी ऑपरेशन आहे, तिला नीट समजावून सांगायला मराठी येणारे कुणी नाही, येतेस का? मी गेले. बाई चाळिशीच्या आतबाहेर असतील. अंडाशयात गाठ होती. नवरा बाहेर औषधांच्या रांगेत होता. बाईंना हिंदी कळत होते, पण दवाखान्यातले हिंदी कळत नव्हते. फॉर्म इंग्रजीत होता, खाली थोडा मजकूर तेलुगूत. त्यात एक ओळ होती: शस्त्रक्रियेदरम्यान आवश्यक वाटल्यास गर्भाशय काढण्यासह पुढील प्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.

मी गाठीचे सांगितले, भुलीचे सांगितले. बाईंनी विचारले, "पिशवी तर न्हाई ना काढणार?" मी सिस्टरना हिंदीत विचारले. त्या म्हणाल्या, आत गेल्यावर डॉक्टर बघतील, गरज पडली तर काढावी लागेल. त्यांच्याकडे त्या वेळी वीस-बावीस पलंग होते, हातात पेन होते आणि दुसऱ्या पलंगावरची घंटा वाजत होती. मी बाईंकडे वळले आणि म्हणाले, "नाही, गाठच काढायची आहे. हा नेहमीचा कागद आहे."

असे मी का म्हणाले? बाई घाबरल्या होत्या. त्यांना धीर द्यावा असे वाटले. रात्र झाली होती. गरज पडणार नाही असेही मला मनातून वाटत होते. आणि खरे सांगायचे तर, 'गरज पडली तर' एवढे तीन शब्द मराठीत आणले असते तर त्यामागून येणाऱ्या दहा प्रश्नांना तिथे उत्तर द्यायला कुणी नव्हते. बाईंनी एकेक अक्षर जुळवत नाव लिहिले. त्याखाली एक चौकट होती, दुभाष्यासाठी. 'वरील मजकूर मी रुग्णास तिच्या भाषेत समजावून सांगितला आहे.' तिथे मी सही केली, तारीख घातली, वेळ घातली.

गाठ गर्भाशयाला चिकटलेली निघाली. पिशवी काढावी लागली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डाक्टरांचं काय चुकलं नसंल. पण तुमी सांगायला पायजे व्हतं."

कायद्याच्या नजरेने त्या रात्री कुणाचेच काही चुकले नव्हते. सही होती, साक्ष होती, रुग्णाच्या भाषेत सांगितल्याची नोंद होती. नियमांची सगळी घरे भरलेली होती, आणि त्यांतले शेवटचे घर माझ्या खोट्याने भरलेले होते.

पुढे काही वर्षांनी मी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८चा निकाल वाचला. घटना मे १९९५ची, दिल्लीतली. ४४ वर्षांच्या अविवाहित रुग्णेची तपासणीसाठी लॅपरोस्कोपी ठरली होती. ती भुलीखाली असताना आतली स्थिती पाहून डॉक्टरांना गर्भाशय काढणे योग्य वाटले. बाहेर रुग्णेची आई बसली होती. तिची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय, अंडाशये, नलिका काढण्यात आल्या. न्यायालयाने म्हटले की तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेला दिलेली संमती होत नाही. रुग्णा सज्ञान होती, जिवावर बेतले नव्हते, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. अशा वेळी आईच्या संमतीला अर्थ नाही. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता हेही न्यायालयाने मान्य केले. शस्त्रक्रियेची फी नाकारली आणि २५ हजार रुपये भरपाई द्यायला सांगितली.

त्या निकालात अनुवादकाने थांबून वाचावी अशी एक जागा आहे. अमेरिकी न्यायालयांतली 'माहितीपूर्ण संमती'ची कल्पना आपल्या न्यायालयाने जशीच्या तशी घेतली नाही. ब्रिटिश कायद्यातली 'खरी संमती'ची कल्पना जवळ केली. किती माहिती द्यायची, हे वैद्यकीय व्यवसायात मान्य असलेल्या रीतीवर सोपवले. रुग्णांच्या बाजूने हे कमी आहे, अशी टीका त्यावर करता येते, आणि ती मला पटते. पण शब्द म्हणून 'खरी' मला अधिक अवघड वाटतो. माहिती पूर्ण आहे की नाही हे कागदावर तपासता येते. संमती खरी होती की नाही, हे त्या खोलीत असलेल्यांनाच ठाऊक असते. लातूरच्या बाईंची संमती खरी नव्हती, हे ठाऊक असलेली माणसे दोनच: त्या आणि मी.

समीरा कोहली प्रकरणात संमतीच्या वाक्यातला कर्ताच बदलला गेला: जिने द्यायची तिच्याऐवजी दुसऱ्याच कुणी दिली. आपल्या नियमांतही ही सवय खोलवर आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाची २००२ची नियमावली शस्त्रक्रियेपूर्वी कुणाची लेखी संमती घ्यावी हे सांगते, तेव्हा यादीत आधी पती किंवा पत्नी येते, मग अज्ञानाच्या बाबतीत पालक, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः रुग्ण. ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकते तिच्यासाठी नवरा-बायको दोघांची संमती ही नियमावली मागते. उलट १९७१च्या गर्भपातविषयक कायद्यात सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. तरीही प्रत्यक्षात नवऱ्याची सही आणा, सासूला बोलवा, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. सप्टेंबर २०२२मध्ये अविवाहित स्त्रियांच्या गर्भपाताच्या हक्काविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात नसलेल्या अशा अटी घालण्यावर नापसंती नोंदवली. इथे कुणी नियम कमी पाळत नाही; जरुरीपेक्षा जास्त पाळतो. पुढे काही झाले तर कागद हवा म्हणून एक सही जास्त घेतली जाते, आणि त्या जास्तीच्या सहीपायी बाई दवाखान्यातून परत जाते. नियम मोडणे हाच काय तो अपराध, असे मानणाऱ्या आचारसंहितेला हा अपराध दिसणारच नाही.

त्याच निकालात आणखी एक गाठ सोडवली गेली. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२चा कायदा म्हणतो की ज्याला अशा गुन्ह्याची माहिती असेल त्या प्रत्येकाने ती पोलिसांना दिली पाहिजे. इथे कर्ता अगदी स्पष्ट आहे: प्रत्येक जण. हेतूही चांगला. पण संमतीने संबंध ठेवलेली सतरा वर्षांची मुलगी डॉक्टरकडे आली, तर नाव पोलिसांत जाईल या भीतीने ती यायचीच थांबते आणि भलत्याच माणसाच्या हाती लागते. न्यायालयाने मार्ग काढला: मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने माहिती देताना तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. कायदा आणि नीती समोरासमोर ठाकल्यावर दर वेळी एकीचाच बळी द्यावा लागतो असे नाही. पुष्कळदा कायदा अधिक नीट वाचावा लागतो. पण तोवर, त्या निकालाआधीच्या दहा वर्षांत, कितीतरी डॉक्टर-परिचारिकांनी एकट्याने काही ना काही ठरवलेच असणार.

नियमांना नावे ठेवण्याचा मोह मला इथे आवरायचा आहे. लेखक-अनुवादक मंडळींना नियमांचा तिटकारा करणे सोपे जाते. आपण कुणाच्या ताब्यात पलंगावर पडलेलो नसतो. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न पुढे आला. राज्य सरकारच्या समितीने ८२ हजारांहून अधिक बायांची पाहणी केली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे मुकादमाकडून घेतलेली उचल होती, खाड्याचा दंड होता, फडावर पाणी आणि आडोसा नसणे होते, दुखण्याला कंटाळलेली शरीरे होती, आणि कॅन्सरची भीती घालणारे दवाखानेही होते. या बायांनाही शस्त्रक्रियेआधी कागद दाखवला गेला असेल, बोटाला शाई लावली गेली असेल. पुढे जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. म्हणजे आणखी एक नियम. पण तो कुणा कारकुनाच्या लहरीतून आलेला नाही. आचारसंहितेतल्या बहुतेक ओळींमागे अशी कुणी ना कुणी दुखावलेली माणसे असतात. ओळ लिहिताना त्यांची नावे गळतात इतकेच. नियम पाळणाऱ्याला हे माहीत असले, तर सुतक पाळणे आणि शब्द पाळणे यांतले अंतर थोडे कमी होते.

आता दुसरी बाजू. माझा खर्डा वाचून मी कर्त्यांची भरती सुरू केली. 'परिचारिकेने रुग्णाला माहिती द्यावी.' 'डॉक्टरांनी संमती घ्यावी.' वाक्ये एकदम मराठी वाटू लागली. आठवड्याने समूहाच्या विधी विभागातून मजकूर परत आला. ठिकठिकाणी शेरा होता: मूळ मजकुराशी सुसंगत ठेवावे. मी फोनवर हुज्जत घातली. तिकडचे वकील शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही 'परिचारिकेने' लिहिलंत की उद्या खटल्यात पहिली तीच उभी राहणार. डॉक्टर नाही, व्यवस्थापन नाही. चालेल तुम्हाला?"

मला ते चालणार नव्हते. त्या रात्रीच्या सिस्टरना मी डोळ्यांसमोर आणले: वीस-बावीस पलंग, वाजणारी घंटा. त्यांनी समजावून सांगायला हवे होते असे म्हणणे बरोबरच आहे, पण समजावून सांगायला पाव तास लागतो आणि तो त्यांच्या पाळीत कुठेच नव्हता. संस्थेने वेळ द्यायचा नाही, दुभाष्या नेमायचा नाही, फॉर्म रुग्णाच्या भाषेत छापायचा नाही, आणि मग सगळ्यांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला सद्वर्तनाचे प्रशिक्षण द्यायचे, ही कर्ता लपवण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. त्याच आचारसंहितेत भेटवस्तूंचे कलम होते. बाळ झाल्यावर नातेवाइकांनी मावशींच्या हातात ठेवलेला पेढ्यांचा पुडा आणि औषध कंपनीने डॉक्टरला घडवलेला प्रवास, दोन्ही त्याच कलमात. कोणता कर्ता आधी पकडला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून मी वकिलांना उलट विचारले: मग 'संस्थेने' असे लिहू का? 'संस्थेने प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत माहिती मिळेल अशी व्यवस्था करावी'? ते हसले. म्हणाले, ते मूळ इंग्रजीत नाही. आणि ते खरेच होते. मूळ मजकुराशी इमान राखणे हा माझाही धर्म आहे. इंग्रजीत नसलेला कर्ता मराठीत आणणे म्हणजे अनुवादकाने केलेली भर. लातूरच्या बाईंजवळ मी मूळ मजकुरातले तीन शब्द गाळले होते. आता अपराधी वाटून मूळ मजकुरात नसलेले शब्द घालायला निघाले होते. या दोन्ही वेळी काय सांगायचे ते मीच ठरवत होते. फरक असेल तर इतकाच की या वेळी मी काय करते आहे हे समोरच्याला सांगून करत होते, आणि समोरच्याला नाही म्हणता येत होते. संमतीचाही अर्थ याहून फार वेगळा नसावा.

शेवटी तडजोड झाली. आचारसंहिता 'ण्यात यावी'मध्येच छापली गेली. पण तिच्यासोबत वॉर्डात लावण्यासाठी एक पानाचे सूचनापत्रक होते, त्याला कायदेशीर वजन नव्हते, आणि तिथे मला मोकळीक मिळाली. इंग्रजीत होते की रुग्णाला समजल्याची खात्री केली जावी. मी लिहिले: 'समजले का, असे विचारू नका, कुणीही हो म्हणते. काय समजले ते रुग्णाच्या तोंडून ऐका. आपल्याला उत्तर माहीत नसेल तर तसे सांगा आणि डॉक्टरांना बोलवा.' वकिलांनी यातले काही कापले नाही. हे पत्रक भिंतींवर लागले की नाही, आणि लागले असल्यास सिस्टरना तो पाव तास मिळतो की नाही, हे विचारायचा अधिकार माझ्या करारपत्रात नाही. तरी मी दोनदा फोन करून विचारले आहे. अजून उत्तर नाही, पुन्हा विचारीन.

त्या बाई नंतर भेटल्या नाहीत. त्यांचे वाक्य मात्र काम करताना सतत कानात होते. पन्नास पानांत मला जे जमवता आले नाही, ते त्यांनी उशीला टेकून, पोटावरचे टाके सांभाळत एका ओळीत म्हटले होते. डॉक्टरांची चूक नसेल हे त्यांनी आधी मान्य केले. कारवाई मागितली नाही, भरपाई मागितली नाही. फक्त कुणी काय करायला हवे होते ते सांगितले, आणि त्या वाक्यात कर्ता होता: तुमी.